जांभ्याचा साकव : अर्धवेळ पोस्टडॉकच्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

प्रोजेक्टला मंजुरी आली आणि पाऊसही आटपलाय, म्हणून आजपासून नोंदी ठेवते. काम असं आहे : राजापूर तालुक्यातल्या एका गावात पऱ्ह्यावर, म्हणजे लहान ओढ्यावर, माणसांना जाण्यायेण्यासाठी साकव, जांभ्याच्या चिऱ्यांची कमान, आत स्टील नाही, काँक्रीट नाही. आणि त्याच्या बरोबरीने त्याचं डिझाइन करणारा कोड, जो खाणीतून येणारा चिरा आहे तसाच धरून पुढे जाईल. माझ्यासाठी हा दुसरा भागच खरं संशोधन आहे. दगडाच्या कॉम्प्युटेशनल डिझाइनमध्ये जगात गेल्या पंधरा-वीस वर्षांत फार सुंदर काम झालंय, पण बहुतेक ठिकाणी आधी आकार ठरतो आणि मग सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन, दगडाला त्या आकारात आणतं. व्हेनिस बिएनाले या आर्किटेक्चरच्या प्रदर्शनातला २०१६ चा आर्माडिलो व्हॉल्ट, म्हणजे दगडी घुमटी, बघा, चुनखडीचे ३९९ तुकडे, मोर्टार अजिबात नाही, १६ मीटरचा गाळा आणि काही ठिकाणी जाडी फक्त ५ सेंटिमीटर. तो बघून मी या विषयात आले आणि आजही त्याचे फोटो बघताना अंगावर काटा येतो. पण आमच्या खाणीवर सीएनसी नाही, तिथे गोल पात्याचं कटिंग मशीन आहे आणि गवंडी आहेत, त्यामुळे इथे उलटं जायचं, आधी चिरा आणि मग आकार.

पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, अर्धवेळ आहे. सोमवार, मंगळवार आणि बुधवारी दुपारपर्यंत हे काम, उरलेला आठवडा पुण्यातल्या कन्सल्टन्सीत आरसीसीच्या इमारती. नोंदी म्हणून शनिवार-रविवारी.

१९ ऑक्टोबर २०२४

या आठवड्यात फक्त कागदावरचं गणित केलं, मुद्दाम, कोड उघडायच्या आधी. लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, जांभा तर मऊ दगड, तो पूल कसा काय पेलणार. म्हणून आकडे लिहून ठेवते.

गाळा म्हणजे दोन पायांमधलं अंतर ४.८ मीटर, उंची म्हणजे राइज १.२ मीटर, त्यावरून त्रिज्या बरोबर ३ मीटर येते. कमानीची जाडी ९ इंच म्हणजे २२९ मिमी. जांभ्याचं वजन घनमीटरला २० किलोन्यूटन धरलं, वरचा भराव धरला, आणि वर माणसांची गर्दी चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, तर एक मीटर रुंदीमागे आडवा रेटा, म्हणजे कमान पायांना बाहेर ढकलते ते बल, साधारण ३६ किलोन्यूटन येतो. तो २२९ मिमी जाडीवर पसरला की ताण ०.१६ एमपीए (म्हणजे चौरस मिलिमीटरला ०.१६ न्यूटन). आयएस ३६२० या भारतीय मानकात जांभ्याच्या चिऱ्याला किमान ३.५ एमपीए ताकद मागितलीय, म्हणजे आपण विसाव्या हिश्शाच्याही खाली आहोत. रेटा एका कडेला सरकला तर त्या कडेवरचा ताण दुप्पट-तिप्पट होईल, तरी भरपूर अंतर उरतं.

म्हणजे दगड चिरडायचा प्रश्नच नाही, प्रश्न आहे रेट्याची रेषा, म्हणजे दाब कमानीतून ज्या वाटेने खाली जातो ती, दगडाच्या आत राहते का याचा. हेच जाक हेमन यांनी १९६६ मध्ये नीट मांडलं, तीन गृहीतकं धरून : दगडी बांधकामाला ओढीची ताकद शून्य, दाबाची ताकद अमर्याद, आणि दगड एकमेकांवरून घसरत नाहीत. एवढं धरलं आणि कमानीच्या जाडीत कुठूनही जाणारी, वजनांशी समतोल साधणारी एक जरी रेषा सापडली तरी कमान उभी राहते. कमानीला ती रेषा स्वतः शोधता येते, आपल्याला फक्त एक अस्तित्वात आहे एवढं दाखवायचं असतं. त्याच्याही आधी रॉबर्ट हूकने १६७५ मध्ये सांगून ठेवलं होतं की लोंबती साखळी जशी राहते तशीच, पण उलटी, ताठ कमान उभी राहील. आरसीसीच्या हिशेबात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या इंजिनिअरला हे मनात मुरायला वेळ लागतो, कारण आम्हाला सवय असते आधी ताण काढायचा आणि मग सेक्शन वाढवायचा. इथे सेक्शन वाढवला तर वजन वाढतं, रेटा वाढतो, आणि जिथे आकार चुकलाय तिथे तो चुकलेलाच राहतो.

१० नोव्हेंबर २०२४

खाणीवर जाऊन आले. सड्यावर वरचा कातळ काढला की खाली चिऱ्याचा थर लागतो, त्याच्या खाली दगड मऊ होत जातो आणि मग शेडी लागते, पांढरट-गुलाबी माती, जिच्यावर पाणी साठलं की सगळंच घसरायला तयार असतं. मशीन रुळांवरून फिरतं, आधी उभे काप, मग आडवे काप, सगळ्या थरावर चौकटी पडतात, आणि मग एकेक चिरा तळातून उचकटून काढतात. चिरा साधारण १४ इंच लांब, ९ इंच रुंद, ७ इंच उंच. वजन ३० किलोच्या आसपास, ताजा ओला असला तर वरच.

आता यातली माझ्या कामाची गोष्ट ही की चार बाजू पात्याने कापलेल्या असतात, वरची बाजू आधीच्या थराने सोडलेली असते, पण तळ ओबडधोबड. कुठे १० मिमी फुगीर, कुठे खड्डा. मी कॅलिपर, टेप आणि कॅमेरा घेऊन बसले, एका रासेतल्या चिऱ्यांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून फोटोग्रामेट्रीने थ्रीडी मॉडेल केलं. लांबी-रुंदी दोन-तीन मिमीच्या आत सारखी येते, उंची मात्र बरीच हलते. म्हणजे कोडमध्ये लांबी-रुंदी स्थिर धरायची आणि उंचीला पसारा द्यायचा.

एक गोष्ट लिहून ठेवायलाच हवी. याच तालुक्यात बारसू आणि देवाचे गोठणे इथे सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. तीच जमीन, तोच कातळ. त्यामुळे जांभा स्वस्त आणि जवळचा म्हणून कुठूनही घ्यायचा असं मी करणार नाही, ज्या खाणीचा सडा आधी नीट तपासलेला आहे तिथलाच माल. आणि कमी दगडात जास्त गाळा जातो म्हणून तर कमान करायची, हे मला मनापासून वाटतं. प्रस्तावात हे एका ओळीत होतं, रिपोर्टमध्ये पूर्ण प्रकरण हवं.

२४ नोव्हेंबर २०२४

सगळा आठवडा एका प्रश्नात गेला. चौकोनी चिरा आणि गोल कमान, पाचर कुठून आणायची?

पर्याय एक, चिरे तसेच ठेवायचे आणि सांध्यात चुना पाचरीसारखा भरायचा, पोटाकडे ५ मिमी तर पाठीकडे साधारण १९ मिमी. (पोट म्हणजे कमानीची खालची बाजू, पाठ म्हणजे वरची.) जगभर विटांच्या कमानी अशाच होतात. पण जाड सांध्यातला चुना सुकताना बसतो, आणि आमच्याकडे वाळायला मिळणारे महिने मोजके. पर्याय दोन, प्रत्येक चिऱ्याच्या दोन बाजू तासून पाचर करायची. कागदावर उत्तम, पण एका चिऱ्यामागे दोन बाजूंची मजुरी, आणि आमच्या बजेटात ते बसत नाही.

उत्तर खाणीवरच्या गवंडीकाकांनी दिलं. मी त्यांना मॉडेल दाखवत होते, चिरा कसा ठेवणार, १४ इंच साकवाच्या रुंदीत, ९ इंच कमानीच्या जाडीत, ७ इंच कमानीच्या लांबीवर. ते म्हणाले, "ताई, तळ तर आम्ही असाही तासतो. तासतानाच तिरका तासला तर वेगळी मजुरी कशाला?"

मी पाहतच राहिले. ७ इंचाची दिशा कमानीच्या लांबीवर ठेवली की ओबडधोबड तळ बरोबर सांध्याच्या बाजूला येतो. तो सपाट करावा लागणारच आहे. सगळी पाचर त्या एकाच बाजूवर घालायची आणि दुसरी बाजू जशी आली तशी ठेवायची. चिरा दोन्हीकडे सारखा तिरका नसेल, पण भूमितीला त्याचं काही वाटत नाही, प्रत्येक सांध्याचं प्रतल केंद्राकडे गेलं की झालं. रात्री बसून हिशेब केला : पोटाकडची कमानीची लांबी ५.५६ मीटर, ३५ चिरे, सांधा सगळीकडे ५ मिमी. चिरा पोटाकडे १५४ मिमी, पाठीकडे १६६, म्हणजे फरक १२ मिमी. मूळ चिरा १७८ चा, म्हणजे ओबडधोबडपणा काढायला पाठीकडे १२ मिमी हातात उरतात. ३३ चिऱ्यांतही बसतं, पण मग तासायला जेमतेम दीड मिमी उरतो, ते जमणार नाही. ३५ फायनल.

हा अख्ख्या प्रोजेक्टचा गाभा आहे असं मला वाटतं. पेपरमध्ये त्याला फॅब्रिकेशन कन्स्ट्रेंट असं नाव पडेल, पण तो कन्स्ट्रेंट नाही, ती देणगी आहे, आणि पेपरमध्ये काकांचं नाव आभारात नको, लेखकांच्या यादीत हवं, यासाठी मी आमच्या सरांशी बोलणार आहे.

८ डिसेंबर २०२४

सॉल्व्हर, म्हणजे समतोलाची समीकरणं सोडवणारा कोड, सेट केला. पायथन, झ्युरिकच्या ग्रुपचं कॉम्पास हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर, आणि प्रत्येक चिरा म्हणजे न वाकणारा ठोकळा. दोन ठोकळे जिथे भेटतात त्या पृष्ठाच्या चारही कोपऱ्यांत बल : लंब दिशेला फक्त दाब, ओढ नाही, आणि पृष्ठावर घर्षणाच्या मर्यादेत. प्रत्येक ठोकळ्याला समतोलाची सहा समीकरणं. यात एक खोच आहे जी नव्या मुलांना सांगायला हवी : नुसता समतोल तपासला तर घर्षणाच्या बाबतीत कधीकधी सॉल्व्हर असं उत्तर देतो जे आकड्यात बरोबर असतं पण प्रत्यक्षात तो दगड सरळ घसरून पडेल. २०२२ मध्ये आलेली कपल्ड रिजिड ब्लॉक पद्धत बलांबरोबर हालचालही एकत्र तपासते म्हणून ते पकडते. कमानीत फारसा फरक पडत नाही, टेकूच्या, म्हणजे कमान तीरावर जिथे टेकते त्या बांधकामाच्या, पायऱ्यांमध्ये पडतो.

घर्षण मोजायला एक चिरा दुसऱ्यावर ठेवून फळी हळूहळू तिरपी केली, ३५ अंशांच्या आसपास घसरतो. सॉल्व्हरमध्ये त्याहून कमीच घेतलंय.

२९ डिसेंबर २०२४

गोव्यात होतो सगळे, सुट्टीसाठी, पण मी एक सकाळ मागून घेतली. पणजी ते रायबंदर जाणारा लिन्हारेसचा बांध, १६३० च्या दशकात पोर्तुगीजांनी बांधलेला, तीनेक किलोमीटर लांब, जांभ्याच्या कमानींवर, खाली खाडीची दलदल. आजही त्यावरून गाड्या जातात. जवळजवळ चारशे वर्षं. ओहोटीच्या वेळी जिथून दिसतंय तिथून कमानींचे फोटो घेतले. मुलीने विचारलं, आई हे तुझ्या पुलासारखंच आहे का, आणि मला इतकं छान वाटलं.

मग जुन्या गोव्यात बॉम जेझूस. १६०५ मध्ये अभिषेक झालेलं चर्च, बाहेरून आज जो लाल जांभा दिसतो तो मुळात असा उघडा नव्हता, चुन्याचं प्लास्टर होतं, ते १९५० च्या दशकात काढलं. तेव्हापासून दगड पाऊस खातोय. जवळ जाऊन हात लावला, भोकं मोठी झालेली, कडा गोल झालेल्या. ताकद कमी पडून नाही, ती इमारत उभीच आहे, पाण्याने दगडातली माती धुऊन नेलीय.

या दोन गोष्टी एकाच दिवशी बघितल्या हे बरं झालं. माझ्या कोडमध्ये आजवर पाणी नावाची गोष्टच नव्हती. वजन आहे, रेटा आहे, घर्षण आहे, चिऱ्याचा आकार मिलिमीटरपर्यंत आहे. आणि ज्या गावात आम्ही बांधणार तिथे चार महिने दुसरं काही नसतं. आयएस ३६२० मध्ये पाणी शोषण्याला १२ टक्क्यांची मर्यादा आहे, तेवढा एक आकडा आपण टेस्ट रिपोर्टमध्ये बघतो आणि पुढे जातो.

१८ जानेवारी २०२५

कोणता चिरा कुठे, यावर काम. याला असाइनमेंट प्रॉब्लेम म्हणतात, ३५ जागा, मोजलेले चिरे त्याहून जास्त, प्रत्येक जोडीला एक किंमत, आणि एकूण किंमत सगळ्यात कमी येईल अशी वाटणी. पायथनच्या सायपाय लायब्ररीत एका ओळीचं फंक्शन आहे, क्षणात होतं. सुरुवातीला किंमत होती फक्त तासावं किती लागेल ती. चालत होतं मस्त, वाया जाणारा दगड बराच कमी झाला.

यादी घेऊन काकांकडे गेले. त्यांनी हातोडीच्या मागच्या बाजूने एकेक चिरा ठोकला आणि यादीतले बरेच चिरे बाजूला काढले. खणखणीत वाजला तो ठेवायचा, बद्द वाजला तो भरावाला. बद्द वाजणाऱ्यात आत पिवळ्या मातीचे खिसे असतात, कापून बघितलं, खरंच होते. मग मी फोनवर आवाज रेकॉर्ड करून फ्रिक्वेन्सी काढली, एकाच आकाराचे चिरे असल्यामुळे तुलना करता येते, आणि काकांचे खणखणीत आणि माझे वरच्या फ्रिक्वेन्सीचे बहुतांशी जुळले. जिथे जुळले नाहीत तिथले चिरे लॅबला पाठवलेत.

पण त्यांनी त्याहून मोठी गोष्ट सांगितली. त्यांच्या मते सगळ्यात घट्ट, काळसर लाल चिरे कमानीच्या दोन्ही पायांशी जायला हवेत, कारण पऱ्ह्याचं पाणी उसळून तिथे लागतं, आणि दुसरे घट्ट चिरे बाहेरच्या दोन कडांना, जिथे आडवा पाऊस झोडपतो. मध्ये कुठलाही चालेल. मी म्हटलं ताणाच्या हिशेबाने तर कुठेही कुठलाही चालतो. ते म्हणाले, ताण काय ते तुम्ही बघा, पाणी आम्ही बघतो.

तेव्हा किंमतीचं फंक्शन बदललं. आता प्रत्येक जागेला एक पाण्याचा धोका आहे, पुराच्या पातळीपासूनची उंची, बाहेरची कड आहे की आतला चिरा, वरून झिरपण्याची वाट, आणि प्रत्येक चिऱ्याला एक घट्टपणा, आवाज आणि पाणी शोषण्यावरून. तासणं दुय्यम. डिसेंबरपासून डोक्यात घोळत होतं ते इथे कोडमध्ये आलं.

लॅबमध्ये ओले आणि कोरडे नमुने दाबून बघितले. ओले बऱ्याच कमी ताकदीला फुटतात, पण आपल्याला लागणाऱ्या ताणाच्या अजून खूप वर. जिथे अंतर एवढं मोठं आहे तिथे वेळ घालवायचा नाही, पुढे.

२ फेब्रुवारी २०२५

साइटवर टेकूची जागा बघितली. डाव्या तीरावर पक्का कातळ, उजव्या तीरावर वरून चांगलं दिसतं पण पहार घातली की दीड हातावर शेडी. कमान ४.८ मीटरची आणि दीड मीटर रुंद, म्हणजे तीरावर पाच-साडेपाच टनांचा आडवा रेटा. शेडीवर तो सोडायचा नाही. टेकू मागे खोल नेऊन कातळापर्यंत उतरवायचा, त्याने बांधकाम वाढतं, पण दुसरा मार्ग नाही, आणि पाण्याला मागून वाट काढून द्यायची म्हणजे टेकूमागे ते साठणार नाही.

टेकू थोडा सरकला तर काय? कमान लगेच पडत नाही, हे लोकांना पटत नाही. गाळा काही मिलिमीटर वाढला की कमान तीन ठिकाणी उघडते, माथ्याला पोटाकडून आणि दोन्ही पायांशी पाठीकडून, तीन बिजागऱ्या होतात आणि ती नव्या गाळ्याशी जुळवून घेऊन पुन्हा शांत उभी राहते. पडायला चौथी बिजागरी लागते. जुन्या कमानींतल्या भेगा बघून आपण घाबरतो, त्यातल्या बऱ्याच भेगा म्हणजे कमानीने टेकूची हालचाल पचवल्याची खूण असते. हे चाचणीत दाखवायचंच असं ठरवलंय.

२२ फेब्रुवारी २०२५

चाचणीची कमान सुरू. खाणीशेजारच्या मोकळ्या जागेत, पूर्ण गाळ्याची पण एकाच चिऱ्याच्या रुंदीची पट्टी, म्हणजे ३५ चिरे एकामागोमाग एक. दोन्ही पायांना जांभ्याचे टेकू, आणि ते एकमेकांना स्टीलच्या आट्याच्या रॉडने बांधलेत, मध्ये लोड सेल, म्हणजे बल मोजणारं यंत्र. रॉडचा नट सैल केला की टेकू सरकले असं होतं, आणि लोड सेल आडवा रेटा थेट दाखवतो. या पट्टीचा नुसत्या स्ववजनाचा रेटा अर्ध्या टनाच्या आतच आहे.

सेंटरिंग आंब्याच्या फळ्यांचं, खाली लाकडी पाचरी, जोडीजोडीने, म्हणजे उतरवताना एकदम धक्का न बसता थोडं थोडं खाली येईल. प्रत्येक चिऱ्यावर खडूने नंबर आणि तासायचा उतार. काकांनी १२ मिमीच्या उताराचा पत्र्याचा साचा करून घेतला, गुण्याच्या जोडीला तोच वापरतात. माझा क्यूआर कोडचा बेत होता, तो पहिल्याच दिवशी सोडला, लाल धुळीत स्टिकर टिकत नाही आणि खडू सगळ्यांना वाचता येतो.

चुन्यात जांभ्याची चाळलेली भुकटी. समतोलाच्या हिशेबात चुन्याची ताकद शून्य धरलीय, त्याचं काम फक्त दोन पृष्ठांमधला खडबडीतपणा भरून दाब सारखा पसरवणं.

१५ मार्च २०२५

सेंटरिंग उतरलं. पाचरी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, माथ्यापासून पायांकडे. डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं साधन, माथ्याखाली होता, कमान दोन-तीन मिमी खाली आली आणि थांबली. फळी आणि पोट यांच्यात आधी केसाएवढी, मग बोटभर फट, आणि पलीकडचं आभाळ दिसलं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी लोड सेलकडे बघत होते कारण आकडा सॉल्व्हरच्या आकड्याजवळच येऊन स्थिर होत होता. हा क्षण मी कधीच विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी लोड. गोल कमानीला सारखं वजन आवडतं, एका अर्ध्यावरच वजन आलं की रेषा त्या बाजूला वर पाठीकडे आणि दुसऱ्या बाजूला पोटाकडे ढकलली जाते. अर्ध्या गाळ्यावर पूर्ण गर्दी म्हणजे या पट्टीवर साधारण ४३५ किलो, वाळूच्या गोण्या एकेक करून चढवल्या, खाली सेफ्टीसाठी सेंटरिंग थोडं अंतर ठेवून तसंच होतं आणि कमानीखाली कुणीही जायचं नाही. सॉल्व्हर सांगत होता की उघड्या कमानीत, भरावाशिवाय, रेषा कडेपासून दोन-अडीच सेंटिमीटरवर येईल. आणि शेवटच्या गोण्यांना, बरोबर लोडच्या बाजूच्या चौथ्या हिश्शाजवळ, पोटाकडचा सांधा केसभर उघडला. दुसऱ्या बाजूला पाठीकडचा. गोण्या काढल्या, दोन्ही मिटले. साकवात खांद्यांवर डबर आणि चुन्याचा भराव घालणारच आहोत, त्याने वजन वाढतं आणि रेषा पुन्हा मध्याकडे येते. जाडी ९ इंचच ठेवतेय, १४ इंच करायचा सल्ला आलाय पण त्याने दगड दीडपटीहून जास्त लागतो आणि मिळतं ते भरावानेही मिळतं.

मग रॉड सैल केला. एकेक आटा. माथ्याला पोटाकडून भेग, दोन्ही पायांशी पाठीकडून भेग, अगदी मॉडेलसारखी. कमान उभी. गावातले लोक बघायला आले होते, त्यांना भेगेत कागद घालून दाखवला आणि मग कमानीवर दोघे जण उभे राहिले. हजार स्लाइड्सपेक्षा हे बरं. नट परत आवळला.

५ एप्रिल २०२५

पेपरचा पहिला रिव्ह्यू आला. एका रिव्ह्यूअरने विचारलंय, आवाजावरून गवंड्याने चिरे निवडणं हे वस्तुनिष्ठ कसं. योग्य प्रश्न आहे, आमच्याकडे फ्रिक्वेन्सी, पाणी शोषण आणि दाबाची चाचणी असे तिन्ही आकडे त्याच चिऱ्यांचे आहेत, तक्ता जोडते. काकांचं नाव लेखकांत राहिलं, सरांनी एका शब्दाने विरोध केला नाही.

अर्धवेळ पोस्टडॉकचं एक वर्षच आहे, पुढच्या मुदतवाढीचा अर्ज भरला. लोक विचारतात अर्ध्या वेळात संशोधन होतं का. चुना वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, मी पूर्णवेळ असते तरी तो लवकर वाळला नसता. आणि उरलेला आठवडा कन्सल्टन्सीच्या साइटवर असल्यामुळे मजुरी, रेट, सेंटरिंग परत कधी मोकळं होणार, या गोष्टी मला कुणाला विचाराव्या लागत नाहीत. पगार मात्र अर्धाच आहे आणि प्रवास खिशातून होतो, विज्ञानाला पैसा देणाऱ्यांनी अर्धवेळ माणसांच्या फील्डवर्कचा वेगळा विचार करायला हवा, हे अर्जातही लिहिलंय.

२५ मे २०२५

आज मान्सून कोकणात पोचल्याचं जाहीर झालं. मे संपायच्या आत. गेले काही दिवस मुसळधार चालूच होता. साकवाचे टेकू जोत्यापर्यंत झालेत, कमान सुरू केली नव्हती, ठरल्याप्रमाणे ती पावसाळ्यानंतर. उजव्या तीराच्या टेकूमागे पाण्याची वाट पूर्ण झालीय, काल तिच्यातून गढूळ नाही, स्वच्छ पाणी येत होतं, म्हणजे शेडी धुपत नाही. ताज्या चुन्यावर ताडपत्री आणि वर नारळाची झापं.

चाचणीची पट्टी मात्र मुद्दाम उघडी ठेवलीय, ताडपत्री नाही. अर्धी लांबी, माथ्यापासून उजवीकडे, पाठीवर चुन्याचा गिलावा केलाय, डावीकडे काहीच नाही. लोड सेल आणि त्याचे आकडे साठवणारा एक छोटा लॉगर, सोलरवर.

१४ जून २०२५

लॉगरचा डेटा आला. मी अपेक्षा करत होते की रेट्याचा आकडा तापमानाबरोबर थोडा वरखाली होईल आणि बाकी काही नाही. पण पहिल्या मोठ्या पावसानंतर रेटा चढायला लागला आणि आज तो कोरड्या दिवसांपेक्षा सात-आठ टक्के वर आहे. गाळा बदललेला नाही, गेज जिथे होतं तिथेच. वजन वाढलंय. आडवा रेटा वजनाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे रॉडमधला लोड सेल कमानीने किती पाणी प्यायलंय ते सरळ सांगतोय. मध्ये दोन दिवस उघडीप होती, तेव्हा आकडा उतरला, पण फार थोडा आणि फार हळू.

समतोलाला यामुळे धक्का नाही, सगळ्या कमानीचं वजन सारखं वाढलं तर रेषा जागची हलत नाही. पण डावीकडची अर्धी उघडी आणि उजवीकडची गिलाव्याची, म्हणजे दोन्हींचं वजन सारखं वाढलं नसणार, आणि एका लोड सेलवरून ते वेगळं काढता येत नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात दोन्ही टेकूंखाली उभा लोड मोजायला सेल बसवायचेत, सेंटरिंगच्या पाचरी वापरून टेकू थोडे उचलून. दोन्ही पायांवरच्या वजनातला फरक मिळाला की गिलावा किती पाणी अडवतो ते थेट किलोत कळेल, आणि साकवाच्या पाठीवर गिलावा किती जाड करायचा, उतार किती द्यायचा हे पाऊस थांबायच्या आत ठरवता येईल.

काकांना फोन केला. गावात दोन दिवस लाइट नव्हती. पट्टीच्या डाव्या पायाशी शेवाळ धरायला लागलंय, उजव्या पायाशी अजून नाही, आणि नंबर ३ चा चिरा, जो आम्ही फ्रिक्वेन्सीवरून ठेवला होता आणि ते नको म्हणाले होते, त्यातून लाल पाणी येतंय. फोटो मागवलाय. पाऊस संपल्यावर तो काढून कापायचा, आणि असाइनमेंटच्या कोडमध्ये गवंड्याच्या नकाराला आवाजाच्या आकड्यापेक्षा जास्त वजन देऊन सगळ्या चिऱ्यांची वाटणी पुन्हा चालवायची. सप्टेंबरमध्ये नवा माल उतरेल त्याच्या आधी.